अर्ध्या वाटेवरची गाठ

देवळात जाऊन देवीशी भांडलेली बाई आहे मी. लोक आपला अनुभव सांगायला बसले की त्यांचे डोळे भरून येतात, आपोआप हात जोडले जातात. माझं तसं नाही. मला सांगायला घेतलं की आधी राग येतो, इतकी वर्षं झाली तरी येतो. तरीही सांगते, कारण न सांगणं कृतघ्नपणाचं होईल, आणि मी तोंडाची तिखट असले तरी कृतघ्न नाही.

आमची चिकूची वाडी चिंचणीच्या अलीकडे आहे. घरात हे, मी, सासूबाई आणि आमची एकुलती एक लेक निधी. २०१५ च्या दिवाळीत तिला नवा फ्रॉक घालत होते. गळ्याशी हुक लावताना बोटाला काहीतरी लागलं. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या बरोबर मधोमध, कच्च्या सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती. तिनं पाणी गिळलं की वर-खाली व्हायची. मी हाक मारून ह्यांना दाखवली, तर म्हणाले, "सर्दीची असेल." ह्यांचं सगळं सर्दीचंच असतं.

सर्दीची नव्हती. दिवाळी सरली, थंडी सरली, गाठ तिथंच. निधी तेव्हा चौथीत होती आणि वर्गातल्या सगळ्या पोरींत बुटकी. शाळेतून आली की दप्तर टाकून झोपायची. भर उन्हाळ्यात तिचे पाय गार लागायचे. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे हो, पण आळशी. पाच मिनिटं लक्ष देत नाही." मी त्या बाईंना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. नात्यातल्या बायका आल्या की चहा पिता पिता तिच्या गळ्याकडे बघायच्या आणि चुकचुकायच्या, "मुलीची जात, त्यात गळ्यावर. लवकर काढून टाका, मोठी झाली की डाग राहील." मलाही तेच हवं होतं. रोज तिला आंघोळ घालताना मी त्या गाठीकडे बघून म्हणायचे, मेले, एकदा तुला उपटून फेकते.

गावातल्या डॉक्टरांनी शहरातल्या सर्जनकडे पाठवलं. सर्जननं आधी सोनोग्राफी सांगितली. ते सेंटर म्हणजे बाजार होता. बाहेर बाकावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, आत एकीला उठवायचं आणि दुसरीला झोपवायचं चाललेलं. निधीच्या गळ्याला गार जेल लावलं, तिथल्या डॉक्टरांनी गाठीवर यंत्र टेकवलं, दोनदा इकडं-तिकडं केलं आणि "झालं" म्हणाले. जेल पुसायला कागद मागितला तर आतला माणूस म्हणाला, बाहेर पुसा. रिपोर्ट आला. गळ्याच्या मध्यभागी सिस्ट, म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, आणि खाली एक ओळ, की थायरॉईड ग्रंथी दोन्ही बाजूंना नॉर्मल. ती ओळ मी वाचली होती. माझ्या मनाला तिनं केवढा धीर दिला होता.

सर्जन चांगला माणूस होता, घाईतला होता. म्हणाला, अशी गाठ लहान मुलांत असते, काढून टाकू, मुलगी लगेच खेळायला लागेल. ऑपरेशनची तारीख त्यानं चैत्रातली दिली. मी घरी येऊन कॅलेंडरवर खूण केली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आणि मग आमच्या सासूबाई मध्ये आल्या. बाहेरच्यांना हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून सांगते. चैत्रात हनुमान जयंतीपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, चांगली पंधरवडाभर. आमच्या घरची एक रीत आहे, आजूबाजूच्या वाड्यांत कुणाकडे नाही, आमच्याच घरात आहे. जत्रेच्या दिवसांत देवी माणसांत वावरत असते, म्हणून तेवढे दिवस झाडाला आणि माणसाला पातं लावायचं नाही. भाजी चिरा, मासळी कापा, त्याला हरकत नाही. पण चिकूची वाळकी फांदीसुद्धा छाटायची नाही, नखं काढायची नाहीत, आणि ह्यांची दाढी वाढून बैराग्यासारखं तोंड होतं तरी वस्तरा धरायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला गंमत वाटायची. ऑपरेशनची तारीख नेमकी त्या दिवसांत पडली तेव्हा गंमत राहिली नाही.

सासूबाई ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांशी भांडता येतं. त्या पाटावर बसून लसूण सोलत म्हणाल्या, "जत्रा उठू दे. मग काय करायचं ते करा. तोवर पोरीच्या गळ्याला सुरी लावू देणार नाही."

मी म्हटलं, "आई, ही फांदी नाही. पोर आहे माझी."

"म्हणूनच म्हणते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चपला शोधायला लागले. रात्री म्हणाले, "आईचं मन मोडवत नाही गं. पंधरा-वीस दिवसांनी काय बिघडतंय?" मी त्यांना म्हटलं, आईचं मन मोडवत नाही आणि बायकोचं डोकं फुटलं तरी चालतं, होय ना? त्यावर ते कूस बदलून झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून तारीख रद्द केली. तिकडची रिसेप्शनवाली बाई वैतागली. आता एकदम दीड महिन्यानंतरची तारीख मिळेल, आणि तोवर आधीची सोनोग्राफी जुनी होईल, नवीन करून आणा, म्हणाली.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी पिशवीत निधीचे आणि माझे कपडे कोंबले आणि माझ्या भावाकडे, तलासरीला, निघाले. सासूबाईंना एवढंच म्हटलं, "तुमची रीत तुम्ही सांभाळा, मी माझी मुलगी सांभाळते." त्यांनी निधीच्या हातात खाऊला म्हणून चार चिकू दिले. त्याचाही मला राग आला.

तलासरीला जायचं तर हायवेनं, आणि हायवेला लागूनच देवीचं देऊळ. जत्रेमुळे गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या. आमची भाड्याची जीप देवळासमोर येऊन थांबली ती हलेचना. आत उकाडा असा की निधीचं तोंड सुकून गेलं. मी म्हटलं, चल उतर. आज त्या बाईला तोंडावर विचारते.

पाड्यापाड्यांतून माणसं आली होती. कुणी पावसाळ्याची बेगमी म्हणून कांदे आणि सुकी मासळी भरून घेत होतं, कुणी बांगड्या भरत होतं. आम्ही रांगेत लागलो. मध्येच निधी खाली बसली. तिला उभं राहवत नव्हतं. आमच्या पुढे एक पोटुशी बाई होती, कपाळभर कुंकू, सायवन गावाकडची असावी. तिनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, "पोरीला पुढं घ्या. माझ्याबरोबर चला. पोटुशीला कोणी अडवत नाही हितं."

खरंच कुणी अडवलं नाही. तिथली कथा सगळ्यांना माहीत असते. देवीचं मूळ ठिकाण वर डोंगरावर. एक पोटुशी भक्तीण दर्शनाला चढत होती, अर्ध्यात तिला चक्कर आली. तेव्हा देवी म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून हे पायथ्याचं देऊळ. निधी पोटात होती तेव्हा मी वर चढायला निघाले होते, तर ह्याच सासूबाईंनी हात धरून थांबवलं होतं, "तुझ्यासारख्यांसाठीच ती खाली आलीय." तेव्हा मी खालीच ओटी भरली होती, आणि पोटातल्या जिवाचं सगळं चांगलं होऊ दे म्हटलं होतं.

गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि मला ते सगळं आठवलं. त्या पोटुशीनं डोळे मिटून हात जोडले. मी डोळे उघडे ठेवून बोलले. म्हटलं, तुझ्या नावानं माझ्या पोरीची तारीख हुकली. भर उन्हात माझी पोर मातीत बसते आणि तू शालू नेसून बघतेस. ओटी घेताना बरी घेतलीस. दुसऱ्यांसाठी डोंगर उतरलीस ना? मग माझ्यासाठी काय उतरवलंस? तिला काही झालं तर ह्या पायरीला पुन्हा पाय लावणार नाही. बोलता बोलता मी रडत होते, पण ते रडणं भक्तीचं नव्हतं. मागून धक्का आला आणि आम्ही बाहेर पडलो. त्या पोटुशी बाईचे आभार मानायचे राहिले. गर्दीत ती पुन्हा दिसली नाही.

तलासरीत माझ्या वहिनीनं दोन दिवस मला बोलू दिलं. मग म्हणाली, "ताई, नवीन सोनोग्राफी करायचीच आहे ना, मग इथंच करून टाका. इथं आठवड्यातून दोनदा एक डॉक्टरीणबाई येतात गुजरातेतून. हळू काम करतात, खोळंबा होतो, पण बघतात नीट." मी म्हटलं, करू. तसंही चिंचणीला परत जायचं तोंड मला नव्हतं. आज विचार करते तेव्हा हे आठवतं, की मी तिथं श्रद्धेनं गेले नव्हते. रुसून गेले होते.

खोळंबा झालाच. निधीचा नंबर येईपर्यंत दुपार कलली. डॉक्टरीणबाई साठीच्या असतील, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, मराठी गुजराती वळणाचं. त्यांनी जेल आधी आपल्या तळहातावर घेऊन जरा कोमट केलं आणि मग निधीच्या गळ्याला लावलं. एवढ्याशा गोष्टीनं माझा अर्धा राग उतरला. निधीला म्हणाल्या, "बेटा, जीभ बाहेर काढ. वेडावून दाखव मला." निधीनं जीभ काढली. गाठ वर सरकली. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग गाठ सोडून यंत्र खाली नेलं, गळ्याच्या उजव्या बाजूला, डाव्या बाजूला, पुन्हा उजव्या.

त्यांनी जुना रिपोर्ट मागितला, वाचला, घडी करून बाजूला ठेवला. "ह्यात लिहिलंय की ग्रंथी दोन्ही बाजूला नॉर्मल."

"हो."

"मला दिसत नाही."

मला वाटलं मशीन बिघडलं असेल. तसं मी बोललेसुद्धा. त्या चिडल्या नाहीत. मला स्टुलावर बसवलं, माझ्या गळ्याला जेल लावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे तुमचं बघा. ही मध्ये श्वासनळी. तिच्या दोन्ही अंगाला हे करड्या रंगाचं, एकसारखं. ही थायरॉईड." चिकूच्या दोन फोडी शेजारी शेजारी ठेवाव्यात तसं ते दिसत होतं. मग तेच यंत्र निधीच्या गळ्याला त्याच जागी लावलं. श्वासनळी होती. दोन्ही अंगाला नुसते स्नायू. फोडी नव्हत्या. "आणि आता गाठ बघा," म्हणाल्या आणि यंत्र वर नेलं. तिथं पाणी नव्हतं, पिशवी नव्हती. तोच करडा रंग, तसाच एकसारखा, आणि बटण दाबल्यावर त्यात लाल-निळे ठिपके धावायला लागले. म्हणजे आत रक्त खेळत होतं.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. बाळ पोटात असताना ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते. तिथून हळूहळू खाली उतरत गळ्यात आपल्या जागेवर येऊन बसते. एखाद्या बाळाची उतरतच नाही, एखाद्याची अर्ध्या वाटेत थांबते. निधीची अर्ध्यात थांबली होती. मी जिला रोज शिव्या घालत होते ती गाठ म्हणजेच तिची थायरॉईड, आणि तिच्या अंगात दुसरी थायरॉईड नव्हती. "एकटीनं सगळं काम करते बिचारी," बाई म्हणाल्या, "म्हणून सुजली आहे. पुरं पडत नाही तिला. म्हणून पोरगी थकते, वाढत नाही. आळशी नाही ती."

मी विचारलं, काढली असती तर? त्यांनी चष्मा पुसला. "तर अंगात थेंबभर थायरॉईड उरली नसती. आणि कागदावर नॉर्मल लिहिलंय, त्यामुळे कोणाला संशयही लवकर आला नसता. पोरगी सुकत गेली असती आणि तुम्ही तिला टॉनिक पाजत बसला असता."

मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. मला आठवतं, निधी आपल्या हातानं गळा पुसत होती, आणि मी तिचा हात धरून थांबवला, हळू पूस म्हटलं. त्या गाठीला लागेल असं मला वाटलं.

पुढं सगळं तसंच निघालं. रक्ताच्या तपासणीत थायरॉईड कमी पडत असल्याचं आलं. मुंबईला नेऊन स्कॅन केला. शिरेत औषधाचं इंजेक्शन देऊन मोठ्या कॅमेऱ्याखाली निजवतात, आणि थायरॉईड जिथं असेल तिथं उजेड दिसतो. निधीच्या चित्रात गळा सगळा काळोखा आणि वर मधोमध एकच ठिपका उजळलेला. ऑपरेशन रद्द झालं. गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी अनशापोटी एक, जन्मभर. सर्जननं सगळे कागद बघितले आणि म्हणाला, "बरं झालं तुम्ही आला नाहीत." मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही येणारच होतो. त्यानं कागदांची घडी केली. मग म्हणाला, ह्यापुढे अशा गाठीला हात लावण्याआधी ग्रंथी जागेवर आहे का ते मी स्वतः बघून घेईन. ते त्यानं मनापासून म्हटलं असं मला वाटतं.

पहिल्या सोनोग्राफी सेंटरवर मात्र मी गेले, आणि बाकावरच्या सगळ्या बायकांसमोर तो कागद त्या डॉक्टरांपुढे धरला. तुम्ही न बघता नॉर्मल कसं लिहिलंत, असं विचारलं. ते आधी तावातावानं बोलले, मग आवाज खाली आला. ती ओळ कॉम्प्युटरवर आधीपासूनच असते म्हणे, लागेल तशी बदलायची. ह्या खेपेस बदलायची राहिली. माझ्या लेकीचा अख्खा जन्म त्या राहिलेल्या ओळीत अडकला होता. मी जे बोलले ते त्या बाकावरच्या बायकांना पुरेपूर ऐकू गेलं असेल. त्यातली एक उठून निघून गेली, आणि मला बरं वाटलं.

घरी आले तेव्हा सासूबाई ओटीवर होत्या. वाटलं होतं, आता ह्या आपली रीत कपाळाला लावून मिरवतील, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी सगळं ऐकलं. निधीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. "मला काय कळतंय बये," म्हणाल्या, "मी आपली सासूनं सांगितलं ते पाळलं." आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या. माझी सगळी उत्तरं वाया गेली.

लोक मला म्हणतात, देवीनंच वाचवलं. मी नाही म्हणत नाही. पण मला गप्पही बसवत नाही. ज्या घरात अशी रीत नाही त्या घरातल्या पोरीचं काय? जिची आई रुसून माहेरी गेली नाही, जिला ती जेल कोमट करणारी बाई भेटली नाही, तिच्या गळ्यातला एकुलता ठिपका कुणी वाचवायचा? हे मी देवीला विचारलं आहे, आणि तिनं उत्तर दिलेलं नाही. म्हणून भेटेल त्या आईला मी सांगते. ऑपरेशन रीतीसाठी लांबवू नका, आमचं निभावलं म्हणून तुमचं निभावेल असं नाही. पण गळ्याची गाठ काढायच्या आधी विचारा, हिची थायरॉईड जागेवर आहे का, तुम्ही डोळ्यांनी बघितली का. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

गोळ्यांनी निधी बदलली. पाय गरम राहायला लागले. फ्रॉक आखूड व्हायला लागले. गाठ ओसरत ओसरत बोराएवढी झाली, शोधली तरच सापडते. शाळेतल्या बाईंनी मला पुन्हा बोलावलं, पोरगी वर्गात फार बडबडते म्हणून. मी पेढे घेऊन गेले.

२०१९ च्या जत्रेत निधी म्हणाली, "आई, ह्या वर्षी वर जायचं. डोंगरावर." पहाटे ऊन चढायच्या आत निघालो. ती अशी चढत होती की मला तिची पाठच दिसत होती. अर्ध्यावर माझा गुडघा बोलायला लागला आणि मी एका दगडावर बसले. निधी उड्या मारत परत खाली आली, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तू बस इथं. मी जाऊन येते. तुझा नमस्कार सांगू का?"

"सांग," म्हटलं. ती गेली.

वर डोंगरात देवीचं मूळ ठिकाण, खाली तिचं देऊळ, आणि मी दोन्हींच्या मध्ये, धड ना इकडे ना तिकडे. इतकी वर्षं मी तिला विचारत आले होते की माझ्या लेकीचं तू अर्ध्यावर का सोडलंस. त्या दगडावर बसल्या बसल्या मनात आलं, जी अर्ध्यावर थांबली त्या गाठीनंच तर माझी पोर जगवली, एकटीनं, सुजून, माझ्या शिव्या खात. मी हात जोडले. वर बघून जोडावेत की खाली, ते कळेना. मग जिथं बसले होते तिथंच जोडले आणि म्हटलं, तू इथंही असशील तर ऐक, माझं भांडण अजून मिटलेलं नाही, पण माझी पोर तुझ्याकडे येतेय, तिला नीट परत पाठव. मग मी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन तिची वाट बघत बसले.